बोलणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही

आमच्या वन्सं जन्मापासून आंधळ्या नाहीत. अगदी लहान असताना ताप आला आणि जाताना डोळे घेऊन गेला. लाल रंग आठवतो असं त्या म्हणतात, पण तो खरंच लाल होता की नाही हे कुणाला विचारणार, असंही म्हणतात. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मनात धरून आले होते की आता एका आंधळ्या नणंदेचं आपल्याला करावं लागणार. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या फळ्यांवरून हात फिरवत प्रत्येक डब्याची जागा सांगितली आणि म्हणाल्या, "यातला डबा हलला की मी आंधळी. नाही हलला तर नाही." तेव्हापासून आमच्या घरात मिठाची जागा बदललेली नाही.

मुलं त्यांना हॅलोआत्या म्हणतात. दार वाजलं तरी हॅलो, कुकरची शिट्टी झाली तरी हॅलो. त्याला कारण आहे. एका मोठ्या रुग्णालयात त्या टेलिफोन ऑपरेटर आहेत आणि आयुष्याचा निम्म्याहून अधिक काळ त्यांनी त्या एका खुर्चीत काढला आहे. खोली जिन्याखाली. खिडकी नाही. दिवसभर दिवा लावायची त्यांना गरज नाही, म्हणून तो लागतच नाही. संध्याकाळी रात्रपाळीचे ऑपरेटर येतात, त्यांना सगळे मामा म्हणतात. मामांना चांगलं दिसतं, पण आत शिरताना रोज त्यांची नडगी टेबलाच्या पायावर आपटते आणि वन्सं रोज विचारतात, "मामा, दिसलं नाही का?"

त्यांचा जुना बोर्ड मी एकदा हाताने चाचपून पाहिला होता. फोन आला की त्या लाईनची खुंटी बोटाला लागेल इतकी वर यायची. कुठली खुंटी कुठल्या वॉर्डाची हे त्यांच्या बोटांना पाठ. कानाला फोन, हात खुंट्यांवर, आणि ओठांवर नेहमीचं एकच वाक्य: "नमस्कार, बोला." पुढे फोन करणारा बोलायचा आणि त्या ऐकायच्या. नोकरीत लागल्या तेव्हा एका म्हाताऱ्या ऑपरेटरबाईंनी त्यांना काम शिकवलं होतं. त्यांचा पहिला धडा असा की, रुग्णालयात फोन करणारा माणूस घाबरलेला असतो, त्याला नीट सांगता येत नाही, तो आडवळणाने सांगतो. तरी बोलणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही. वाक्य त्याचं त्याला पुरं करू द्यायचं. हा धडा वन्संनी इतका अंगी मुरवून घेतला की घरी विमा विकणाऱ्या मुलीचा फोन आला तरी त्या सगळं ऐकून घेतात, मग गोड आवाजात नको म्हणतात. ह्यांना ते सहन होत नाही. हे म्हणजे माझे यजमान, वन्संचे धाकटे भाऊ. ह्यांचा स्वतःचा स्वभाव असा की समोरच्याचं वाक्य समोरच्याआधी हेच पुरं करतात.

तर एक दिवस रुग्णालयात ठरलं की जुना बोर्ड काढायचा. नवीन यंत्रणा कॉम्प्युटरवर चालणार. कुणाचा फोन आला, कुठल्या वॉर्डाची लाईन मोकळी आहे, कुठली चालू आहे, सगळं पडद्यावर दिसणार. कार्यालयाच्या मोठ्या बाई स्वतः खाली जिन्याखालच्या खोलीत आल्या. बाई वाईट नाहीत. त्यांनी वन्संचा हात हातात घेऊन सांगितलं की तुम्ही इतकी वर्षं केलंत, आता जरा आराम करा, कपड्यांच्या भांडारात जागा आहे, चादरींच्या घड्या घालायच्या, पगार तोच, कटकट नाही. वन्संनी ऐकून घेतलं. बाईंचं वाक्य पुरं झाल्यावर विचारलं, मी कॉम्प्युटर शिकले तर? बाई गडबडल्या. शिकलात तर बघू, म्हणाल्या, बोर्ड बदलला की एक दिवस मी शेजारी बसून पाहीन.

त्या संध्याकाळी वन्सं घरी आल्या, हातपाय धुतले आणि माझ्याशेजारी भाजी निवडायला बसल्या. सगळं सांगितलं. मी म्हटलं, चादरींच्या घड्या काही वाईट काम नाही. देवाने दिलेलं कुठलंच काम वाईट नसतं. त्या म्हणाल्या, "वाईट नाही गं. पण बस चढताना लोक माझा हात धरतात, रस्ता ओलांडताना धरतात, देवळात नेताना तूसुद्धा धरतेस. त्या खुर्चीत बसले की लोक माझा हात धरून जातात. एवढी एकच जागा आहे तशी." मी भाजीतलं गवत बाजूला काढत राहिले.

पडद्यावर लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम असतो, त्याला स्क्रीन रीडर म्हणतात, हे आम्हाला तेव्हाच कळलं. अंधांच्या संस्थेत तो शिकवणारे एक मास्तर होते, स्वतः पूर्ण अंध. सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं तिथं गेलो. वरच्या मजल्यावर लांबलचक खोली, ओळीने टेबलं, टेबलांवर कॉम्प्युटर आणि सगळे पडदे काळे. ह्यांनी माझ्या कानात म्हटलं, सगळे बंद पडलेत वाटतं. मास्तरांनी ते ऐकलं. म्हणाले, "बंद नाहीत हो, डोळे मिटून बसलेत. आम्हाला पडदा कशाला हवा? वीज तेवढीच वाचते." माऊस कुठे दिसेना. ते त्यांनी टेबलाच्या खणात घालून ठेवले होते. डोळस पाहुणे आले आणि खेळायला मागितले तरच बाहेर काढतो, म्हणाले.

मास्तरांनी वन्संना खुर्चीत बसवलं आणि दोन प्रोग्रॅम ऐकवले. पहिला फुकट मिळणारा. त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यात माणूस कोंडून त्याला बोलायला लावावं तसा. दुसरा विकतचा. त्यात एका बाईचा आवाज होता, इतका मऊ, इतका शहाणा की मी मान हलवून हो म्हणाले. वन्संनी दोन्ही ऐकले. पहिल्याला परत ऐकवा म्हणाल्या. तेवढ्यात हे मध्ये पडले. त्या पत्र्याला काय ऐकायचं पुन्हा, म्हणाले, माझ्या बहिणीच्या कानात दिवसभर हा पत्रा वाजणार का, आम्ही बाई घेतो. मास्तर एवढंच म्हणाले, "कान कुणाचे आहेत?"

वन्संच्या चेहऱ्यावर तेव्हा काय आलं ते मी पाहिलं, पण त्या म्हणाल्या, "बाईच घेऊ. भाऊ म्हणतो तर."

याच्या मागे एक गोष्ट आहे. वन्संचं शाळेचं पुस्तक लहानपणी ह्यांनी वाचून दाखवलेलं. ब्रेलची पुस्तकं मिळायची नाहीत, मिळायची ती उशिरा, मग संध्याकाळी धाकटा भाऊ मोठ्या बहिणीला धडे वाचून दाखवायचा. कंटाळा आला की पानं गाळायचा. वन्सं पकडायच्या, कारण धड्यातला राजा गेल्या पानावर आजारी होता आणि या पानावर एकदम लढाईवर निघालेला असायचा. म्हणजे ह्यांच्या मनात आपल्या बहिणीच्या कानात जाणारा आवाज ही आपली जबाबदारी. ती आपल्या हातून दुसऱ्या कुणाकडे द्यायची तर ते कुणीतरी चांगलंच असायला हवं. हे त्या दोघांनाही माहीत, आणि दोघंही त्याबद्दल कधी बोलत नाहीत.

जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर आला. वन्सं टायपिंग शाळेत शिकलेल्या, त्यामुळे अक्षरांची भीती नव्हती. भीती होती ती हरवण्याची. टॅब दाबलं की पुढे, शिफ्ट धरून टॅब दाबलं की मागे, बाण दाबला की खाली, हे हळूहळू बसलं. पण मध्येच कुठे आहोत हे कळेनासं व्हायचं. आणि त्याला बहुतेक वेळा आम्हीच कारण असायचो. कुणी टेबल पुसताना माऊस हलवायचं, कुणी प्रेमाने "थांब, मी करून देतो" म्हणून काहीतरी दाबायचं, की वन्सं ज्या खोलीत उभ्या होत्या ती खोलीच नाहीशी. एकदा त्या घरातल्या सगळ्यांना जमवून म्हणाल्या की डब्यांचा जो नियम तोच इथं. दुसऱ्या दिवशी मी माऊस काढून शिवणाच्या पेटीत टाकला. तो अजून तिथंच आहे.

कंट्रोलचं बटण दाबलं की वाचणारी बाई तिथल्या तिथं गप्प होते, हे मास्तरांनी पहिल्या दिवशीच शिकवलं होतं. ते ऐकून वन्सं म्हणाल्या होत्या की असं बटण भावाला बसवून मिळेल का. पण खरी गंमत पुढे होती. त्या ते बटण वापरतच नव्हत्या. बाई "मुलांचा वॉर्ड, लाईन मोकळी आहे, जोडण्यासाठी एंटर दाबा" असं सगळं शांतपणे म्हणून होईपर्यंत वन्सं हात आवरून बसायच्या. मुलांचा वॉर्ड एवढं कळल्यावर पुढचं ऐकायची गरज नव्हती. मास्तर सांगायचे तोडा तिला, पुढे चला, तिला राग येत नाही. वन्सं हो म्हणायच्या आणि परत ऐकत बसायच्या.

सराव म्हणून मी आतल्या खोलीतून फोन करायची. कधी घाबरलेली सून व्हायची, कधी बहिरे आजोबा. वन्संच्या एका कानात माझा फोन, दुसऱ्या कानात कॉम्प्युटर. नव्या यंत्रणेत असंच बसायचं होतं. मी बहिरे आजोबा होऊन ओरडत होते की माझ्या बायकोला कुठे ठेवलंय, आणि पलीकडून वन्सं अतिशय नम्रपणे म्हणाल्या, "बोला बाई, ऐकतेय." मी म्हटलं, वन्सं, मी आजोबा आहे. त्या म्हणाल्या, अगं तुला नाही, हिला. आम्ही दोघी पोट धरून हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं.

बोर्ड बदलला. पहिले काही दिवस मामा शेजारी बसणार होते, मग मोठ्या बाई पाहणार. तिसऱ्या की चौथ्या दिवशी वन्सं घरी आल्या त्या थेट खोलीत गेल्या. जेवल्या नाहीत. मी जाऊन बसले तेव्हा भिंतीकडे तोंड करून सांगितलं. एका माणसाचा फोन आला होता. बायकोला सकाळी आणलं होतं, वॉर्डाचं नाव त्याला माहीत नव्हतं, तो चाचरत सांगत होता. त्याच वेळी दुसऱ्या कानात बाई बोलू लागली. दोन माणसं एकदम बोलताहेत, त्यातली एक स्वच्छ, शांत, शहाणी. वन्सं तिच्याकडे वळल्या. तिचं पुरं ऐकून घेतलं, तिला "धन्यवाद" म्हटलं, आणि इकडे लाईन सोडून दिली. धन्यवाद म्हटलं की लाईन सोडायची, हाताला सवय. त्या माणसाने परत फोन केला तेव्हा तो रडत होता. मामांनी त्याला जोडून दिलं. मामा कुणाला बोलले नाहीत, पण मोठ्या बाईंपर्यंत गोष्ट गेलीच. त्या म्हणाल्या, सोमवारी मी येते, एकदाच बघू, आणि नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नका.

"इतक्या वर्षांत मी कुणाला असं टाकलं नव्हतं," वन्सं म्हणाल्या.

मी देवापुढे बसते तेव्हा सहसा काही मागत नाही. त्याला दिसतंय सगळं, असं मला वाटतं. त्या दिवशी मात्र मी मागितलं, आणि काय मागावं ते नीट न कळल्यामुळे नुसतंच बघ बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वन्सं माझ्याबरोबर मास्तरांकडे आल्या. झालं ते सगळं मास्तरांनी ऐकलं. मग विचारलं की तुम्हाला तिला मध्येच तोडायला का जमत नाही. वन्सं ओशाळून म्हणाल्या की ती इतकं नीट बोलते, मध्येच गप्प कर म्हणणं बरं दिसत नाही.

मास्तर हसले नाहीत. "बरोबर आहे. माणसासारखी आहे ना ती. डोळसांना यंत्राने माणसासारखं बोललेलं आवडतं. तुमचं काम असं की माणूस कोण आणि यंत्र कोण हे झोपेतसुद्धा कळलं पाहिजे. पत्रेवाल्याला ऐकता का पुन्हा?"

त्यांनी पत्र्याचा आवाज लावला. मग वेग वाढवला. अजून वाढवला. मला तर रेतीवर झाडू मारल्यासारखं ऐकू यायला लागलं. वन्संची बोटं बटणांवर होती. पहिलं अक्षर फुटताच बोट पुढे, अर्धा शब्द की पुढे, कंट्रोल, बाण, कंट्रोल. त्याला तोडताना त्यांच्या चेहऱ्यावर जराही संकोच नव्हता. जणू तवा सरकवत होत्या. थोड्या वेळाने थांबल्या आणि म्हणाल्या, याचं काहीच वाटत नाही हो. मास्तर म्हणाले, वाटूच नये.

उपाय सापडला होता. आता भावाला सांगायचं होतं. परत येताना बसमध्ये मी म्हटलं, मी सांगू का? नको म्हणाल्या.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी ह्यांना टेबलाजवळ बोलावलं. बाई काढून टाकल्याचं सांगितलं. ह्यांनी नेहमीप्रमाणे वाक्य मध्येच तोडलं, आवाज अजून गोड हवा असेल तर दुसरी बघू, माझ्या ओळखीचा एकजण आहे, असं सुरू केलं. वन्संनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ती गोड आहे म्हणूनच नको. मी तिचा मान राखत बसते आणि खरा माणूस तिकडे ताटकळतो."

मी ह्यांच्याकडे बघत होते. रागावलेल्या माणसाचा चेहरा मला ओळखता येतो; हा तसा नव्हता. एखाद्याने निवडून आणलेलं लुगडं घडी न मोडता परत आलं की होतो तसा होता. मग म्हणाले, "लाव बघू तुझा तो पत्रा."

वन्संनी लावला, त्यांच्या वेगाने. हे वाकून ऐकायला लागले. कान जवळ नेला. भुवया आक्रसल्या. बरंच ऐकून म्हणाले, "ताई, मला यातलं एक अक्षर कळत नाहीये."

"तुला कळायला नकोच आहे," वन्सं म्हणाल्या. आवाजात काही बोच नव्हती. भाजीत मीठ बरोबर पडलंय असं सांगावं तसं सांगितलं.

हे थोडा वेळ तसेच वाकून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा बहिणीच्या कानात असं काही जात होतं की जे ह्यांना वाचता आलं नसतं, आणि गाळता तर मुळीच आलं नसतं. मग खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "मग त्या बाईचं काय करायचं?"

"संध्याकाळी पुस्तक वाचू दे की तिला. पानं गाळत नाही ती."

तेव्हा कुठे हे हसले.

सोमवारी सकाळी वन्सं नेहमीच्या बसने गेल्या. मी घरात कामाला लागले, पण एकही काम धड होईना. दूध उतू गेलं. हे कामावर उशिरा जाणार म्हणाले, कारण सांगितलं नाही. हातात फोन घेऊन गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं. गॅलरीच्या दाराला फट आहे, त्यामुळे मला ऐकू येत होतं. ह्यांनी आवाज बदलला होता. जाड, खेडवळ म्हाताऱ्याचा आवाज काढून हे सांगत होते की बाई, मी लांबून बोलतोय, माझं काय झालंय की, म्हणजे कालपासून खोकला, मला ते औषधाचं दुकान, तुमच्या तिथलं... आणि बोलता बोलता अडकले. पलीकडून कुणी तोडलं नसावं, कारण ह्यांना ते आडवळण शेवटपर्यंत जावं लागलं. वाक्य संपलं. मग एकदम ह्यांचा खरा आवाज आला, गडबडलेला: "हां, नमस्कार. औषधालय का? हो. नाही, म्हणजे... खोकल्याचं औषध आहे का आपल्याकडे?"

आत आले तेव्हा कान लाल झाले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, वाक्य संपताक्षणी जोडून दिलं तिने. मागे तो पत्रा खरखरत होता. मग टिफिन घेऊन निघून गेले.

संध्याकाळी वन्सं आल्या. चपला जागेवर ठेवल्या, पिशवी खिळ्याला लावली, हात धुतले. मला विचारायचा धीर होईना. त्या स्वतःहूनच सांगायला लागल्या की मोठ्या बाई सकाळी येऊन शेजारी बसल्या, थोडा वेळ बसल्या, मग काही न बोलता उठून गेल्या. वन्संना वाटलं, झालं, संपलं. फोन तर येतच होते, म्हणून त्या जोडत राहिल्या. बऱ्याच वेळाने आतल्या लाईनवर फोन आला. मोठ्या बाईच. इतकंच म्हणाल्या, ऑपरेटर, मला हिशेब विभाग द्या.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? दिला."

मी देवाच्या फळीकडे पाहिलं आणि मनातल्या मनात नमस्कार केला. बाहेर जिन्यावर ह्यांची पावलं वाजली. वन्संनी मान तिकडे वळवली, ओळखली, आणि दार उघडायच्या आतच हाक मारली, "हॅलो. आजोबा, खोकला कसा आहे?"